घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावून नोकरीशिवाय घर चालवता येईल का?

आपण नाशिकमधील अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करता, गृहकर्जाचा हप्ता भरता आणि नोकरी सोडून घोड्यांच्या शर्यतींवर चरितार्थ चालेल का, असे विचारता. मी सातपूरला हिशेबनीस असताना दोन हंगाम रविवारी पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जात असे आणि लावलेली प्रत्येक पैज वहीत टिपून ठेवत असे. त्या वहीच्या आधारे सांगतो, की चालणार नाही.

शर्यतींचा अभ्यास करता येतो, हे मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. पॅडॉकच्या कठड्याला टेकून, मोतद्दार घोडे फिरवत असताना मी रेसकार्डावर पेन्सिलीने खुणा करत असे. धावण्याआधीच मानेवर घामाचा फेस आलेला घोडा खोडून टाकत असे आणि पुष्कळदा ते बरोबरही ठरे. परंतु हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर मुद्दामच अधिक वजन दिलेले असते, आणि टोटवर (रेस क्लबच्या पैज-खिडकीवर) सर्वांचे पैसे एकत्र होऊन क्लबचा वाटा कापल्यावर उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जात असल्याने, जो घोडा आपल्याप्रमाणेच चारचौघांनाही आवडला आहे, तो जिंकूनही हाती फारसे काही लागत नाही. माझ्या वहीत पहिल्या हंगामाअखेर अकरा हजारांचा नफा होता, दुसऱ्याअखेर सव्वीस हजारांचा तोटा. गाडीभाडे आणि जेवण त्यात धरलेले नाही.

तेव्हा आजचा कर नव्हता. 22 सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 140 रुपये मोजावेत तेव्हा 100 रुपयांची पैज लागते. दुप्पट भावाच्या (शंभराचे दोनशे देणाऱ्या) घोड्यांवर खेळलात तर शंभरातील सत्तर पैजा जिंकल्यावर आपण जेमतेम मुद्दलात येता. प्राप्तिकराचा नियम त्याहून कठोर आहे: जिंकलेल्या रकमेवर सरळ 30 टक्के कर लागतो आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. वर्षभरात पाच लाख जिंकून साडेचार लाख हरलेल्या माणसाची खरी कमाई पन्नास हजार, पण त्याचा कर मात्र दीड लाख आणि वर उपकर. (नोकरदाराला फॉर्म सोळाचा कंटाळा येतो खरा, पण त्याच्यावर ही पाळी येत नाही.)

हा कर चुकवण्यासाठी फोनवर पैज घेणारा बुकी आपल्याला कोणीतरी सुचवेलच. विनापरवाना बुकीकडे खेळणे हा गुन्हा आहे, आणि त्याने पैसे बुडवले तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यात असतो. मधल्या महिन्यांतही बँक हप्ता कापतेच. तरीही आपला निश्चय असेल, तर राजीनामा देण्यापूर्वी एक पूर्ण हंगाम शर्यत सुटण्याआधी पैज फक्त वहीत लिहा, प्रत्येक शंभरामागे चाळीस रुपये खर्चात धरा आणि एप्रिलअखेर बेरीज करा.