वाहतूक निधीतून सरकारने उचललेलं कर्ज परत आलं का, हे कसं तपासायचं?

आधी ती रक्कम कर्ज होती की अनुदान, हे वेगळं काढा. उदाहरणार्थ, पुणे परिसरात बस चालवणाऱ्या पीएमपीएमएल या कंपनीची संचलन तूट (बस चालवण्यातला तोटा) पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. ते फेडायचं कर्ज नव्हे. खरंच उसनवारी असेल तर ठरावात मुदत, व्याज आणि परत जमेचं लेखाशीर्ष (हिशेबातलं ठरलेलं खातं) हवंच. मुदत नसली की रक्कम वर्षानुवर्षं नुसती ‘येणे’ म्हणून पुढे ओढली जाते, आणि त्याची झळ थांब्यावर उभ्या प्रवाशाला बसते. कॅलिफोर्नियात २००६ च्या घटनादुरुस्तीने इंधन विक्रीकरातला वाहतुकीचा वाटा वळवल्यास ३ वर्षांत व्याजासह फेडणं बंधनकारक केलं होतं. अंदाजपत्रकात ‘अंदाज’ नको, ‘प्रत्यक्ष जमा’ बघा. ती दिसली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून ठराव आणि खातेउतारा मागा; उत्तराची मुदत ३० दिवस.