तुमचे प्रश्न : रेडियमचं जॅकेट घेताना

प्रश्न : ताई, माझे मिस्टर टेम्पो चालवतात, नाशिकहून भाजी भरायची आणि रात्रीच कसारा घाट उतरून वाशी मार्केट गाठायचं. मागच्या महिन्यात घाटाच्या अलीकडे टायर फुटला, हे खाली बसून जॅक लावत होते आणि मागून एक कंटेनर अगदी घासून गेला. तेव्हापासून ते घरी येईपर्यंत मला झोप लागत नाही. रेडियमचं जॅकेट घ्यायचं ठरवलंय पण दुकानात शंभराच्या आतलं पण आहे आणि हजाराच्या वरचं पण, काय बघून घ्यायचं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी बारा वर्षं रस्त्याच्या कामांवर सेफ्टी बघितली आणि माणूस गाडी चालवताना जेवढा सांभाळलेला असतो तेवढाच गाडीतून उतरला की उघडा पडतो, हे मी फार जवळून पाहिलंय.

आधी ते जॅकेट काम कसं करतं ते बघा म्हणजे दुकानात कोणी फसवणार नाही. आपण रेडियम म्हणतो पण त्या चंदेरी पट्टीत रेडियम बिडियम काही नसतं आणि ती स्वतःहून चमकत पण नाही. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी असतात, नाहीतर प्लास्टिकचे छोटे प्रिझम, आणि त्यांच्यावर उजेड पडला की ज्या बाजूने आला त्याच बाजूला ते परत पाठवतात, म्हणून हेडलाईटवाल्या ड्रायव्हरला पट्टी पेटल्यासारखी दिसते आणि बाजूला उभ्या माणसाला साधी राखाडी. आणि ते भडक पोपटी कापड असतं ना, ते दिवसाचं काम करतं. उन्हातले डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण घेऊन ते दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतं, म्हणून ढगाळ हवेत, पहाटे, संध्याकाळी ते इतकं उठून दिसतं. पण रात्री ऊनच नाही तर ते कापड काय करणार? तुमच्या मिस्टरांचं काम रात्रीचं, म्हणजे तुम्ही पैसे पट्टीसाठी मोजायचेत.

आता दुकानात जाताना शिवणकामाची टेप सोबत न्या, खरंच न्या. पट्टी 5 सेंटीमीटर रुंद हवी, त्याहून बारीक असेल तर ठेवून द्या. आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ 20471, त्यात तीन क्लास आहेत, क्लास 2 ला पट्टी किमान 0.13 चौरस मीटर लागते आणि क्लास 3 ला 0.20. हे आकडे किचकट वाटतात पण 5 सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीत हिशोब केला तर क्लास 2 म्हणजे 2.6 मीटर पट्टी आणि क्लास 3 म्हणजे पूर्ण 4 मीटर. कमरेचे वेढे, खांद्यावरच्या पट्ट्या, बाह्यांवरच्या, सगळं मोजून बेरीज करा. एकदम स्वस्त जाळीच्या जॅकेटात ही बेरीज जमतच नाही. आणि बिनबाह्यांच्या जॅकेटवर कोणी क्लास 3 छापलेलं असेल तर सरळ परत द्या, कारण क्लास 3 ला बाह्या तरी लागतात नाहीतर पट्टीवाली पूर्ण पँट तरी. आपल्याकडचं मानक आयएस 15809, आतल्या लेबलवर तो नंबर आणि आयएसआय मार्क आहे का ते बघा.

मिस्टरांसाठी मी पूर्ण बाह्यांचंच सांगेन. जॅक लावताना माणूस उकिडवा बसतो, पुढे वाकतो, कमरेची पट्टी घडीत जाते आणि मागच्याला जेमतेम एक चकाकता तुकडा दिसतो, तो दगडाला मारलेला रेडियम आहे की माणूस हे त्याला कळत नाही. बाह्यांवर आणि जमलं तर पँटीच्या घोट्याजवळ पट्टी असेल तर ती हलते, आणि हात-पाय हलताना दिसले की समोरच्याला क्षणात कळतं की हा माणूस आहे. ताशी 80 ने येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे येते, ड्रायव्हरला दिसून, कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरा, म्हणजे साधारण चार एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढं अंतर ब्रेक लागायच्या आधीच संपलं. म्हणून त्याला लवकर कळणं एवढं मोलाचं आहे.

आणि ताई, सगळ्यात महत्त्वाचं, जॅकेट ठेवायचं कुठे? मी कितीतरी टेम्पोत बघितलंय, जॅकेट टूलबॉक्समध्ये जॅकच्या खाली, ग्रीसने माखलेलं. म्हणजे ते काढायलाच माणूस अंधारात जॅकेटशिवाय मागे जाणार! सीटच्या मागे हुक लावा, तिथेच टांगा, दार उघडायच्या आधी अंगात घालायचं. गाडी चालवताना घालायची गरज नाही, सीटबेल्टने पट्टी झाकते आणि घासून खराबही होते. दुसरं एक क्लीनरसाठी घ्या, तो मागे धोक्याचा लाल त्रिकोण ठेवायला जातो तेव्हा येणाऱ्या गाड्यांच्या सगळ्यात आधी समोर तोच असतो.

प्रश्न : मी पुलाच्या साईटवर सुपरवायझर आहे, रस्ता चालू ठेवून काम आहे. ठेकेदाराने सगळ्यांना एकच पोपटी जॅकेट दिलंय, वेल्डरला पण. मी ऑरेंज मागितलं तर म्हणाला रंगाने काय फरक पडतो.

उत्तर : फरक पडतो दादा, पण पोपटी चांगलं की ऑरेंज चांगलं असं नसतं, मागे काय आहे त्यावर ठरतं. जून-जुलैत रस्त्याच्या कडेला गवत माजलं की पोपटी जॅकेट त्यात विरून जातं, तिथे ऑरेंज उठून दिसतं. तुमच्या साईटवर जेसीबी, रोलर पिवळे असतील तर पिवळ्यापुढे पोपटी माणूस, डंपरवाल्याला काय वेगळं दिसणार? उलट ऑरेंज बॅरिकेडच्या रांगेत झेंडीवाला उभा असेल तर त्याला पोपटी द्या. एक दिवस पहाटे आणि एक दिवस अंधार पडताना डंपरच्या केबिनमध्ये बसून स्वतः बघा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेकेदाराला दाखवा, नुसतं बोलून तो ऐकणार नाही.

वेल्डरचं मात्र आजच थांबवा. साधं जॅकेट पॉलिस्टरचं असतं, ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. मी अशी एक मांडी बघितली आहे, नाण्याएवढ्या चार जखमा, प्रत्येकीत पोपटी कापड. त्याला आग न धरणाऱ्या कापडाचं वेगळं लागतं. आणि मिक्सर, कन्व्हेयरजवळच्या माणसाला वेल्क्रोचं द्या, कुठे अडकलं तर ओढ बसताच सुटून येतं, चेनचं जॅकेट माणसालाच आत ओढतं.

पैशांचं म्हणाल तर सेफ्टीचं सामान देणं काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, मजुरीतून कापायचं नसतं. शिवाय तुमच्या मजुरांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या, वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बुटांबरोबर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पण असतं. पण त्यामुळे ठेकेदार सुटला असं नाही.

प्रश्न : पावसात जॅकेटवर रेनकोट घालायचा की रेनकोटवर जॅकेट?

उत्तर : जॅकेट वर. रेनकोटखाली गेलं तर घालून न घातल्यासारखंच. पट्टीवालाच रेनकोट मिळाला तर उत्तम, कारण ओल्या झालेल्या साध्या मण्यांच्या पट्टीची चमक बरीच उतरते, पावसात काम असणाऱ्यांनी ओल्यातही चालणारी पट्टी मागून घ्यावी. पाठीवर सॅक असेल तर सॅकला पण पट्टी लावा.

प्रश्न : धुवायचं कसं, आणि टाकून कधी द्यायचं?

उत्तर : उलटं करून, गार किंवा कोमट पाण्यात, साध्या पावडरने. ब्लीच नको, ब्रश नको, पट्टीवर इस्त्री तर अजिबात नको. किती धुण्यांपर्यंत चालेल ते चांगल्या जॅकेटच्या लेबलवर लिहिलेलं असतं. पण न धुता वापरणं पण चूक, चिखलाखाली पट्टी असून नसल्यासारखी.

टाकायचं कधी ते घरीच कळतं. रात्री दिवे बंद करून जुनं आणि नवं जॅकेट शेजारी शेजारी टांगा, वीस-पंचवीस पावलं मागे जा आणि मोबाईलचा फ्लॅश चालू ठेवून फोटो काढा. नव्याच्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र येतील. जुन्याच्या पट्ट्या पारा उडालेल्या आरशासारख्या डागाडागाच्या किंवा राखाडी आल्या, नाहीतर पोपटीचा फिकट पिवळा झाला असेल, तर ते गाडी पुसायला घ्या, पण आधी पट्ट्या कापून टाका, म्हणजे चुकून कोणी परत अंगात घालणार नाही.