डिस्चार्जनंतर भाऊ गोळ्या थुंकतो, आई चहातून देते. हे चालेल का?

तुम्ही लिहिलंय ते असं: सव्वीस वर्षांच्या भावाला स्किझोफ्रेनिया, वॉर्डातून गेल्याच आठवड्यात परळला घरी आला, रात्रीची रिस्पेरिडोन ही या आजारावरची गोळी थुंकतो, म्हणून आई गोळी कुटून चहात घालते. घर एका खोलीचं, माणसं पाच. मी मनोविकार विभागात परिचारिका आहे. तुमच्या प्रश्नात खरी काळजी मला त्या चहाची वाटते, म्हणून आधी तेच.

चहातून देणं थांबवा आणि याच आठवड्यात ओपीडीला जा. दोन्ही एकत्र करा, कारण नुसतं थांबवलंत तर औषधच बंद पडेल. जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय हा संशय या आजारात नेहमी दिसतो. ज्या दिवशी कपाच्या तळाशी त्याला पांढरा गाळ दिसेल, त्या दिवशी तो संशय खरा ठरेल, आणि मग आईच्या हातचं जेवणही बंद होईल. शिवाय अर्धा कप उरला, भुकटी तळाला चिकटली, तर पोटात किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर समजणार की ठरलेला डोस जाऊनही गुण येत नाही, आणि डोस वाढवणार. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात उतरतं. रिस्पेरिडोनचं पातळ औषध तर चहा किंवा कोलात मिसळायचंच नसतं. आतापर्यंत चहातून दिलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कुणी रागावलं तरी चालेल, लपवू नका.

आता तो गोळी का थुंकतो, हे बघा. ‘त्याला आजार मान्य नाही’ एवढ्यावर घरचे थांबतात, पण पुष्कळदा कारण शरीरात असतं. त्याला विचारा: पाय एका जागी ठरत नाहीत का? बसला की उठावंसं वाटतं, रात्रभर येरझाऱ्या घालतो का? हा बहुतेक वेळा औषधाचा परिणाम असतो. घरच्यांना तो आजार बळावल्यासारखा दिसतो आणि ते आणखी एक गोळी देतात, तिथेच घोळ होतो. डोस कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध जोडून डॉक्टर हा त्रास आटोक्यात आणू शकतात. मान एका बाजूला वळून आवळली, डोळे वर खिळले, जबडा अडकला, तर ‘अंगात आलं’ म्हणून कुणाकडे नेऊ नका. थेट कॅज्युअल्टीला न्या, प्रोमेथाझिनसारख्या इंजेक्शनने ते लवकर सुटतं. सकाळी अकरापर्यंत डोळे उघडत नसतील, तर वेळ किंवा डोस बदलता येतो. लैंगिक तक्रारही असू शकते, ती तो आईला किंवा बहिणीला सांगणार नाही. म्हणून ओपीडीत दहा मिनिटं त्याला डॉक्टरांशी एकट्याला बोलू द्या.

गोळी देण्याची रीत अशी ठेवा. रोज एकच माणूस, रात्रीच्या जेवणानंतर एकच वेळ. ज्याच्याशी त्याचे खटके उडतात त्याने हे काम घेऊ नये. गोळी त्याच्यासमोर स्ट्रिपमधून काढून त्याच्याच तळहातावर ठेवा, म्हणजे नाव त्याला दिसेल. पेलाभर पाणी द्या आणि नंतर पाच-दहा मिनिटं तिथेच गप्पा मारत बसा. वॉर्डात आम्ही तोंड तपासतो, पण घरी रोज ‘आ कर’ म्हटलं की रोज भांडण होणार. जिभेवर विरघळणारी गोळी मिळते, ती मागून घ्या. एक डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. इतकं करूनही जमत नसेल, तर औषधाप्रमाणे दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं आहेत. रोजची कटकट नको म्हणून काही पेशंट स्वतःहून ती निवडतात. मात्र ‘गोळी घे, नाहीतर सुई टोचायला नेईन’ असं एकदाही म्हणू नका. पुढे तीच सुई त्याला स्वखुशीने घ्यायची असेल.

खोलीचं म्हणाल, तर १९७० च्या दशकात लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की सतत टोमणे, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरात, आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहिलं तर आजार जास्त उलटतो. तुमच्या खोलीत ३५ तास तीन दिवसांत भरतात. भिंती हलत नाहीत, वेळा हलवता येतात. संध्याकाळी बाबांनी बाहेर पडावं, आईचं भजनी मंडळ बंद करू नये, भावाला दुपारी गॅलरीत किंवा वाचनालयात एकटं बसू द्यावं. ‘दिवसभर लोळतोस’ याऐवजी ‘उठलास की दूध आणशील?’ एवढं एकच काम सांगा. पडून राहणं हा आळस नाही, ते आजाराचंच लक्षण आहे. ‘शेजारी माझ्याबद्दल बोलतात’ म्हणाला, तर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय,’ एवढं म्हणा.

डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने जपण्याचे असतात. घरातल्या सगळ्या गोळ्या, आजोबांच्या रक्तदाबाच्यासुद्धा, कुलपात ठेवा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम आणि बरळणं हे एकत्र दिसलं, तर पावसाळ्याचा ताप समजून घरी बसू नका. मलेरिया-डेंग्यूची तपासणी होईलच, पण कॅज्युअल्टीत पोचताच पहिलं वाक्य ‘हा मनोविकाराच्या औषधांवर आहे’ हे असू द्या आणि स्ट्रिप दाखवा. ही औषधांचीच जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते.

तो बरा बोलतोय तोवर आणखी एक करून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस, त्यालाच निवडू द्या. साध्या कागदावर त्याची सही पुरते. पुढे कधी त्याला स्वतःला निर्णय घेता येईनासा झाला आणि भरती करावं लागलं, तर अर्ज हा प्रतिनिधी करतो. मग एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक त्याला स्वतंत्रपणे तपासतात, आणि अशी भरती आधी जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. त्या कागदाची झेरॉक्स केसपेपरला लावून ठेवा.