जागा तेवढी खरी ठेव

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या टीव्ही मालिकेचा अकरावा भाग दोनदा वाचला. पहिल्या वाचनात चहा निवला, दुसऱ्यात माझं डोकं तापलं. तुझी नायिका गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या गाभाऱ्याखाली उतरते, भिंतीतला एक दगड ढकलते. आत लोखंडी पेटी, पेटीत कदंबांची, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजघराण्याची, सोन्याची नाणी आणि कोपऱ्यात पोर्तुगीज तोफ! चॅनेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणतेस. आणि रात्री दीड वाजता मला विचारतेस, "सर, हे मनोरंजन की फसवणूक?"

मनोरंजन वाईट नसतं, इतिहास रुक्ष नसतो, हे मी तुला सांगत बसणार नाही. ते कळतं म्हणून तर तुझी झोप उडालीय.

नायिकेला टोपी घाल. दोराला लटकव. पीएचडी सोडून प्रेमात पाड, खलनायक दुबईहून आण. चार महिन्यांचं उत्खनन चार मिनिटांत उरक; आम्ही दिवसभर उकिडवे बसून ब्रशने माती झाडतो ते बघायला कोण टीव्ही लावणार आहे? या सगळ्या थापा मला मंजूर आहेत. एक नाही. वस्तू सापडल्याची जागा खोटी करू नकोस.

तू हसशील. कॉलेजात वर्षभर हेच सांगत होतो म्हणशील. आता पुन्हा सांगतो. चराच्या कडेने खुंट्या, खुंट्यांना सुतळी. खापर दिसलं की आधी हात लावायचा नाही. दोन बाजूंनी टेप धरायची, वरून ओळंबा सोडायचा, वहीत लिहायचं, मग ते पिशवीत टाकायचं आणि आत चिठ्ठी: चर, थर, खोली, तारीख. मी आरेखक म्हणून लागलो त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गोदामातले खोके जमिनीवर ठेवले. फळीवर ठेवायचे होते, कंटाळा केला. सप्टेंबरात उघडले तर चाळीसेक पिशव्यांतल्या चिठ्ठ्या वाळवीने फस्त केलेल्या. खापरं मात्र जशीच्या तशी, एकाचाही टवका उडालेला नव्हता. साहेब रागावले नाहीत. त्यांनी मूठभर खापरं उचलून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घरी न्या. कुंड्यांच्या तळाला घालायला बरी." त्या चाळीस पिशव्या आजही अधूनमधून माझ्या स्वप्नात येतात.

म्हणून म्हणतो, जागा खोटी करू नकोस.

आता तुझ्या त्या तळघराकडे येऊ. कदंबांची सत्ता चौदाव्या शतकात संपली, पोर्तुगीज आले १५१० साली. दोघांचं सामान एका खोलीत कोणी आणून ठेवलं, हे तुझ्या सोळा भागांत कुठेच नाही. आणि नाणी? बाय, गोव्याच्या कदंबांच्या सोन्याच्या नाण्यावर सिंह असतो आणि राजा सप्तकोटीश्वराच्या वराने राज्य करतो असं कोरलेलं असतं. देवाचं नाव नाण्यावर! त्या देवाचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार करवला. हेच नाणं दिवाडीच्या एखाद्या पडक्या विहिरीच्या गाळातून काढ, नायिकेला ते वाचता येऊ दे आणि नदीपलीकडे बघू दे. फेरीबोटीवर निम्मा भाग होतो. असं नाणं दिवाडीला खरंच सापडलं का, हे मी विचारणार नाही. त्या मातीला ते पेलतं, एवढं मला पुरे. तांबडी सुर्लाला ते का नेलंस? देऊळ ड्रोनमधून छान दिसतं म्हणून! त्या देवळाचं खरं कोडं तुला दिसलंच नाही. आपल्याकडे सगळीकडे जांभा, आणि ते देऊळ आहे काळ्या बेसॉल्टचं. हा दगड घाटावरून आणला असं मानतात. त्या काळात, त्या रानातून, त्या उतारावरून. तुला भुयार कशाला हवं?

रागावलो. सोड. जुने गोव्याची गोष्ट सांगतो, मग तुला कळेल मी एकाच जागी का अडून बसलोय.

जॉर्जियाची राणी केतेवान. १६२४ साली शिराझला शाह अब्बासने तिला हालहाल करून मारलं, कारण तिने धर्म सोडला नाही. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्रींनी तिचे अवशेष मिळवले आणि १६२७ मध्ये त्यांतले काही गोव्याला आणले, आपल्या मठात. पुढे मठ ओसाड पडला, छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग ढासळला. उरला तो सेंट ऑगस्टीनचा उभा अर्धा मनोरा, ज्याच्यासमोर तू सहलीत फोटो काढला होतास. आता मजा बघ. जुन्या पोर्तुगीज कागदांत अवशेषांची जागा लिहिलेली होती, एका चॅपेलमधल्या दुसऱ्या खिडकीशी. दुसरी खिडकी! पण भिंतीच पडलेल्या, तर पहिली कुठली नि दुसरी कुठली? वर्षानुवर्षं लोकांनी ढिगारे उपसले, नकाशे उलटसुलट केले. शेवटी या शतकाच्या सुरुवातीला हाडं हाती लागली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्यांचा डीएनए तपासला. एका हाडाचा मातृवंश, म्हणजे आईकडून आलेली डीएनएतली खूण, बावीस हजारांहून जास्त भारतीयांच्या नमुन्यांत एकदाही सापडला नाही. जॉर्जियातल्या तीस नमुन्यांत मात्र दोघांत सापडला. सोबतची दुसरी दोन हाडं भारतीय वंशाची निघाली. ती कोणाची? लिही ना यावर एक भाग! २०२१ साली त्या राणीचे अवशेष आपल्या सरकारने जॉर्जियाला दिले.

तेच हाड पणजीच्या एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालं असतं तर कोणी तपासलंच नसतं. खिडकीमुळे ते राणीचं झालं.

तू म्हणशील, सर, तुम्हीही एका मालिकेचे सल्लागार होतात की. होतो. शेवटी जी नावं भराभर वर सरकतात त्यात माझं असायचं, बायको मुलांना गप्प करून बघायची. त्यांना वीरगळ हवा होता, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड. आपल्याकडच्या कदंबकालीन वीरगळांवर कधी कधी जहाजांची लढाई कोरलेली असते, ते त्यांना फार आवडलं. लेखकाने रचलं की जहाजाचं नाक ज्या दिशेला, त्या दिशेला सात पावलांवर धन. वीरगळ त्यांनी उचलून एका गुहेत नेऊन ठेवला, थर्मोकोलचाच, पण ठेवला. मी विरोध केला होता. लेखी नव्हता केला, फोनवर केला होता. निर्माता म्हणाला, "सर, गोष्टच आहे." मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती त्या महिन्यात. तुझ्यावर अजून तशी वेळ आलेली नाही, म्हणून या बाबतीत मला फार बोल लावू नकोस. शिवाय मी नसतो तर त्यांनी त्या दगडावर क्रॉस कोरला असता. तेवढं तरी मी थांबवलं.

मालिका संपल्यावर दोनेक महिन्यांनी सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून निरोप आला. गेलो. देवराईच्या कडेला शेकडो वर्षं उभा असलेला वीरगळ आडवा पडलेला, मधोमध दुभंगलेला. खालच्या चौकटीत लढणारा माणूस एका तुकड्यात आणि त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा दुसऱ्यात. बुंध्याशी कमरेइतका खड्डा, लाल मातीचा ढीग, ढिगावर कापलेलं लिंबू, फुटका नारळ, एक विझलेली मेणबत्ती. बरोब्बर सात पावलांवर दुसरा खड्डा. गावकार म्हातारा होता. त्याने मला ओळखलं नाही, नुसतं म्हणाला, "टीव्हीर दाखयलां म्हण." मी मान डोलावली. माझं नाव त्या टीव्हीवर यायचं, हे त्याला सांगितलं नाही. आज तुला पहिल्यांदा सांगतोय.

लोक प्रेमकथा खरी मानत नाहीत, खलनायक खरा मानत नाहीत. जागा मात्र खरी मानतात, कुदळ घेऊन जातात. कळलं का मी का ओरडतो? तुझं चॅनेल हे ऐकणार नाही. तरी सांग, आणि लेखी सांग. काढून टाकलं तर टाकू दे. पण तुझ्या मसुद्यात जागा खरी असू दे. माझ्यासारखं फोनवर भागवू नकोस.

रविवारी ये, पाऊस लागायच्या आत. उसगाळीमळला जाऊ. कुशावतीच्या काठी जांभ्यावर बैल, हरणं आणि ते चक्रव्यूहासारखं वर्तुळ कोरलेलं आहे. गाववाले म्हणायचे गुराख्यांनी कोरलं. त्यांनीच १९९३ मध्ये दाखवलं म्हणून आपल्याला कळलं. नदी चढली की वर गाळ बसतो. केप्याहून रिवणची सकाळची पहिली बस धर. ऊन तिरपं असतं तोवरच रेघा दिसतात, बाराला गेलीस तर नुसता लाल कातळ. चपला नकोत, बूट घाल. अकरावा भाग कागदावर छापून आण.

तुझा,
सर

ता. क. तोफ हवीच असेल तर गोव्याच्या समुद्रात सुंची रीफवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज बुडालेलं आहे. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या माणसांनी तिथे बुड्या मारल्या. तोफा सापडल्या, चिनी मातीची भांडी सापडली, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात सापडले. पाणघोड्याचे दात, बाय! आणि तुम्ही पेटीत नाणी ठेवताय.