प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकांवर साध्या खात्यातून कोणी रूट (सर्व अधिकार असलेला प्रशासक) होऊ नये, यासाठी काय करावे?

आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काही संगणकांवर उबुंटू १६.०४ आणि काहींवर २०.०४ आहे, विद्यार्थ्यांना सुडोचा, म्हणजे प्रशासक म्हणून आज्ञा चालवण्याचा, अधिकार दिलेला नाही आणि बाहेरच्या नेटवर्कवरून आत येण्याची वाट फायरवॉलने बंद केलेली आहे. तरीही ‘पॉनकिट’सारख्या स्थानिक त्रुटीची काळजी करावी का, असे आपण विचारले आहे. काळजी करायलाच हवी, कारण अशा हल्ल्याला आधी एखादे साधे खाते हाती असावे लागते आणि ते आपण प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःहून दिलेले आहे. फायरवॉलचा येथे काही संबंधच येत नाही.

पॉनकिट (त्रुटींच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४) ही त्रुटी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केली. कोणाला कशाची परवानगी आहे हे ठरवणाऱ्या पोलकिटमधील पीकेएक्झेक या प्रोग्रॅममध्ये मात्र ती २००९ पासून होती. हा प्रोग्रॅम सेट-यूआयडी असल्यामुळे कोणीही सुरू केला तरी रूटच्या अधिकाराने चालतो. त्याला मिळणारी आर्ग्युमेंटची, म्हणजे आज्ञेसोबत दिलेल्या शब्दांची, यादी पूर्णपणे रिकामीही असू शकते, हा विचार तो लिहिताना झाला नव्हता. यादी रिकामी असली की तो मेमरीत तिच्या लगत असलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग) वाचतो आणि तेथे लिहितोही. परिणामी, प्रोग्रॅम सुरू होताना सुरक्षेसाठी मुद्दाम काढून टाकलेले व्हेरिएबल पुन्हा आत आणता येते आणि हल्लेखोराने स्वतः तयार केलेली लायब्ररी रूट म्हणून चालवता येते. यासाठी पोलकिटची सेवा चालू असण्याचीही गरज नसते, म्हणून ती बंद करणे हा उपाय नव्हे.

२०.०४ च्या संगणकांवर पोलकिटचे सुरक्षा अपडेट बसवावे, पॉनकिटपुरते एवढे पुरेसे आहे. अपडेटनंतरही आवृत्तीचा मूळ आकडा ०.१०५ हाच दिसतो, त्यामुळे पुष्कळांची फसगत होते. उबुंटू जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालते, म्हणून पॅकेजच्या क्रमांकाचा शेवटचा भाग पाहावा लागतो. येथे संगणक पुन्हा सुरू करण्याची गरज नसते. मार्च २०२२ मध्ये उघड झालेली ‘डर्टी पाइप’ ही त्रुटी मात्र खुद्द कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, होती, आणि कर्नलचे अपडेट नुसते बसवून संगणक महिनोन्महिने तसाच चालू ठेवला, तर जुने कर्नलच चालत राहते.

१६.०४ चा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तिची नेहमीची देखभाल एप्रिल २०२१ मध्येच संपली आणि पॉनकिटची दुरुस्ती केवळ विस्तारित देखभालीत नोंदवलेल्या संगणकांनाच मिळाली. ते शक्य नसेल, तर सीएचमॉड आज्ञेने पीकेएक्झेकची परवानगी ०७५५ करावी, म्हणजे त्याचा सेट-यूआयडी गुण निघून जातो. त्यानंतर सिनॅप्टिकसारखे (सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रोग्रॅम) पीकेएक्झेकवर विसंबणारे काही ग्राफिकल प्रोग्रॅम चालणार नाहीत, सुडो मात्र चालेल. प्रयोगशाळेत ही किंमत मला नगण्य वाटते. अर्थात हा उपाय एकाच त्रुटीपुरता आहे, त्यामुळे ही प्रणाली शक्य तितक्या लवकर बदलणेच योग्य.

आपण सत्राच्या सुरुवातीला साठवलेल्या डिस्क इमेजवरून संगणक पूर्ववत करत असाल, तर दुरुस्ती त्या इमेजमध्येही करावी, नाहीतर बंद केलेली फट सुट्टीनंतर सर्व संगणकांवर पुन्हा उघडेल. होम फोल्डरमधून कोणताही प्रोग्रॅम चालू न देण्याचा सल्ला अनेक जण देतात. ज्या प्रयोगशाळेत विद्यार्थी सी भाषेतील प्रोग्रॅम कंपाइल करून चालवतात, तेथे तो निरुपयोगी आहे.

एखाद्या संगणकावर हा प्रकार आधीच घडल्याची शंका असेल, तर ऑथ लॉगमध्ये (लॉगिन आणि अधिकारांच्या नोंदींच्या फाइलमध्ये) पीकेएक्झेकच्या नावाने शेल व्हेरिएबलविषयीची तक्रार नोंदली गेली आहे का, ते पाहावे. पण खूण न ठेवताही हा हल्ला करता येतो, म्हणून नोंद न सापडणे हा हल्ला न झाल्याचा पुरावा मानू नये. शंका सबळ असेल, तर अपडेटवर विसंबून न राहता तो संगणक नव्याने इन्स्टॉल करावा आणि त्यावर वापरलेले प्रशासकाचे पासवर्ड इतर सर्व ठिकाणी बदलावेत.