आग्रा एका दिवसात?

प्रश्न : कर्नाटक एक्सप्रेसनं जाऊन ताजमहाल, किल्ला, फतेहपूर सिक्री एका दिवसात आईला दाखवायचंय. ती सत्तरीची. गाइड घ्यावा का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : शुक्रवार टाळा, ताज बंद असतो. पहाटेच ताज, मग किल्ला. सिक्री सोडाच, बुलंद दरवाजाच्या खड्या पायऱ्या आईंना झेपायच्या नाहीत. गाइड जरूर घ्या, पण पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघून, पैसे आधी ठरवून. आमच्या गाइडनं माझ्या आईला किल्ल्यातल्या मुसम्मन बुरुजापाशी उभं केलं. कैदेतला शहाजहान इथून ताज बघत १६६६मध्ये वारला, हे ऐकून ती गप्पच झाली. त्याच वर्षी शिवाजी महाराज याच किल्ल्यातल्या दरबारातून ताठ मानेनं बाहेर पडले! बाहेर त्यांचा पुतळा आहे. तिथं आईंना निवांत थांबू द्या.