आधी शील, मग बाकीचं

प्रिय मित्रा,
जय भीम. नमो बुद्धाय.

तू प्रश्न बरेच विचारलेस, पण सगळ्यांच्या बुडाशी एकच दिसतो: बौद्ध व्हायचं तर नेमकं काय मानावं लागतं?

सुरुवातीला फार काही नाही. ऐकीव आहे, परंपरेनं आलंय, ग्रंथात आहे, गुरू सांगतोय, एवढ्यावरून काही मानू नका, असं बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना सांगितलं. याचा अर्थ काहीजण ‘मनाला येईल ते मानावं’ असा काढतात. तसं नाही. लोभ, द्वेष, मोह यांच्या पोटी माणूस काय करून बसतो ते बघा आणि त्यावरून ठरवा, असं पुढे तिथेच आहे. अनुभवाची कसोटी लावायची तर आधी काहीतरी करून पाहावं लागतं. म्हणून मी तुला आधी शील, म्हणजे रोजचं वागणं, सांगतो.

चार आर्यसत्यं वाच. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबतं, थांबवायचा अष्टांगिक मार्ग आहे. पाठ करायची घाई नको. बाबासाहेबांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत ही सत्यं मूळ शिकवणुकीतली आहेत का, असा प्रश्नच उभा केलाय. आपल्यात मतभेद आहेत. घाबरू नकोस.

पंचशीलाचं मात्र आजपासून बघ. हत्या, चोरी, व्यभिचार, खोटं, नशा, या पाच गोष्टींपासून दूर राहण्याचा सराव आपण स्वतःहून पत्करतो. मोडला तर शिक्षा करणारा वर कोणी बसलेला नाही. मला विचारशील तर सगळ्यात अवघड चौथं. घरात चहा पीत बसून ‘द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलोय’ असं फोनवर सांगणारे आपण. आठवडाभर नुसतं मोज, दिवसातून किती वेळा जीभ घसरते ते. पाचव्याबद्दल नाशिककरांकडे एक खास पळवाट आहे: वाइन म्हणजे काय दारू थोडीच! द्राक्षाचा अभिमान मलाही आहे, पण शील प्रमादाबद्दल, म्हणजे भान सुटण्याबद्दल, आहे. बाटलीवरच्या लेबलानं फरक पडत नाही.

विहारात पांढरे कपडे घालून आलास तर छान, नाही घातलेस तरी चालेल. नवस मात्र बोलू नकोस. बुद्ध देणारा देव नव्हे. फूल वाहताना जी गाथा म्हणतो तिच्यात मागणं सांसारिक सुखाचं नाही. हे फूल कोमेजतं तसं हे शरीरही नाशाकडे जातं, ही आठवण आहे.

पांडवलेणीला कितीदा गेला असशील! आता त्रिरश्मी लेणी म्हणून जा. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. क्रमांक 10 च्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत, म्हणजे संघात, 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा 1 व्याजानं. वर्षाचे झाले 240. त्यातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12, चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. मुद्दल मोडायचं नाही. दान म्हणजे पावसाळ्यात कुणाच्या अंगावर वस्त्र राहील याचा असा चोख हिशेब. मला हा लेख कित्येक प्रवचनांपेक्षा आवडतो.

ध्यानाची तुला घाई दिसते. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र जवळच आहे, दहा दिवसांचं शिबिर, फी नाही, मौन. जरूर जा, पण आधी घरी रोज दहा मिनिटं श्वासाकडे बघत बसता येतं का ते पाहा. आणि तिथेही पहिल्या संध्याकाळी पंचशीलच घ्यावं लागतं.

‘मला फक्त ध्यान हवंय, बाकीचं राजकारण नको’ हे वाक्य तुझ्या पत्रात खटकलं. या नाशिक जिल्ह्यात ते कसं जमेल? अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घेतली. विहारात शेजारी बसलेल्या आजींच्या ‘जय भीम’मध्ये हे सगळं आहे. ते टाळून धम्म मिळत नाही. दीक्षा घ्यायचीच झाली तर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आहेत. त्यातल्या आवडतील तेवढ्याच घेता येत नाहीत. म्हणून म्हणतो, घाई नको.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होईल, विहारात रोज ग्रंथवाचन असेल. ये, मागे बसून ऐक. पालीचे उच्चार चुकले तर कोणी हसत नाही. घरी मात्र ‘क्लासला जातोय’ सांगून येऊ नकोस. चौथं शील दारातच मोडेल.

मंगल हो.